अर्ध्या दलालीचं भांडण

आज एकदाचं मिटलं. म्हणजे बरंचसं.

मी प्लॉटचा एजंट. पार्टी, म्हणजे घेणारं गिऱ्हाईक, माझी होती. शाळेत शिक्षक आहेत, ओळखीतले. त्यांना जुळे सोलापुरात प्लॉट पाहिजे होता आणि माझ्याकडे त्या भागात काही नव्हतं, म्हणून विजापूर रोडच्या एका एजंटला नंबर दिला. द्यायच्या आधी व्हॉट्सॲपवर लिहिलं की घेणाऱ्याकडून येईल त्यात निम्मं माझं. त्यानं अंगठा टाकला. नंतर म्हणतो, अंगठा म्हणजे "मेसेज बघितला", "हो" असं म्हटलंच नव्हतं. हे ऐकून हसावं का चिडावं तेच कळेना.

मग नेहमीचं सुरू. डील झालंच नाही, पार्टी थंड पडली, बघू पुढच्या महिन्यात. मी आयजीआरच्या, म्हणजे सरकारी नोंदणी खात्याच्या, साईटवर ई-सर्चमध्ये वर्ष, गाव, गट नंबर टाकून बसलो, कॅप्चा दोनदा चुकला, आणि इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा उतारा, समोर. दस्त कधीच झालेला, 30 लाखांचा, घेणाऱ्यात आमच्या सरांचं नाव. स्क्रीनशॉट पाठवला तर म्हणतो, "भाऊ, पार्टी माझ्याकडं आधीच येऊन गेलती." अन् वर, एक टक्का ठरलेला पण सरांनी 20 हजारच दिले.

मित्र म्हणाला रेरात, म्हणजे घरं-प्लॉटच्या प्रोजेक्टवर नजर ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणात, तक्रार टाक. आता रेरा नोंदणी झालेल्या प्रोजेक्टचं बघतं, हा एका मालकाचा रिसेल प्लॉट, त्यात भांडण दोन एजंटांच्या आपसातलं, तिथं कोण विचारणार. कोर्टात वसुलीचा दावा लावता येतो, मुदत 3 वर्षं, पण 15 हजारासाठी वकिलाची फी अन् तारखा कोण सोसणार? आमच्या धंद्यात बुडवणाऱ्याला हे गणित पाठ असतं, म्हणूनच तो बिनधास्त असतो.

शेवटी सात रस्त्याला अण्णांच्या ऑफिसात बसलो. जुने एजंट आहेत, दोघांनाही त्यांच्याकडून प्लॉट मिळतात, त्यामुळं त्यांच्यासमोर तो उलट बोलणार नाही एवढं माहीत होतं. अण्णांनी चहा सांगितला, माझा मेसेज वाचला, तारीख बघितली. त्याला एकच विचारलं, "पार्टी आधी आलती म्हणतो, मग त्या तारखेच्या आधीचा त्यांचा एक कॉल तरी दाखव की." तो मोबाईल खाली-वर करत बसला. मग अण्णांनी सरांनाच स्पीकरवर घेतलं. सर बिचारे साधे, म्हणाले गुगल पेनं 30 हजार दिलेत, पाठवू का फोटो? ऑफिसात जरा वेळ कोणीच बोललं नाही. अण्णा म्हणाले, "काय बे, दहा हजार खाल्लास का मधले?"

तेवढ्यावर आला ताळ्यावर. 5 हजार रोख दिले, 10 चा पुढच्या तारखेचा चेक. बाउन्स झाला तर बँकेचा मेमो आल्यापासून 30 दिवसांत नोटीस द्यायची, अन् नोटीस मिळाल्यावर 15 दिवसांत त्यानं नाही भरलं तर चेक बाउन्सच्या कलम 138 ची केस. हे मी त्याच्यासमोरच मुद्दाम अण्णांना विचारून घेतलं, त्याच्याही कानावर पडावं म्हणून.

जिन्यात गाठून म्हणाला, चेक नको टाकू भाऊ, पुढच्या डीलमध्ये वळते करू. नाही म्हटलं. तारीख आली की टाकणार.