रॉड मध्येच थांबला

2021 च्या उन्हाळ्यातली गोष्ट. अमेरिकेत तेव्हा काडतुसांची टंचाई होती. दुकानांत नवी काडतुसं आली की तासाभरात संपत, म्हणून लोक 'रीमॅन' (रीमॅन्युफॅक्चर्ड, पुन्हा भरलेली काडतुसं) घेत. म्हणजे एकदा उडवलेली पितळी पुंगळी गोळा करायची, साच्यातून काढून मापात आणायची आणि नवा प्रायमर (बुडाशी बसणारी, ठिणगी देणारी टोपी), नवी दारू, नवी बुलेट घालून पुन्हा विकायची. नीट केलं तर त्यात गैर काही नाही. मी स्वतः अशी हजारो काडतुसं वापरली आहेत.

मी ॲरिझोनात बंदुका दुरुस्त करतो. एका मंगळवारी सत्तरीतले एक निवृत्त शिक्षक आपली एआर-15 रायफल घेऊन आले. ती दर सात-आठ राउंडांनी अडकत होती. आधीच्या दुकानात एक्स्ट्रॅक्टरची, म्हणजे रिकामी पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याची स्प्रिंग बदलून झाली होती, मागचा धक्का झेलणारा बफरही बदलला होता, आणि आता तिथं नवी नळी घ्या म्हणत होते. "पैशाचं सोडा, पण माझा या रायफलवरचा विश्वासच उडालाय," ते म्हणाले.

बोल्ट, म्हणजे काडतुसामागे नळी बंद करणारा भाग, बाहेर काढला. तिन्ही गॅस रिंगा ठीक, गॅस-कीचे स्क्रू घट्ट. चेंबरमध्ये, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेत, 'गो' मापावर बोल्ट बंद झाला, 'नो-गो'वर झाला नाही, म्हणजे हेडस्पेस (काडतुसाला मिळणारी लांबीची जागा) बरोबर. मागच्या रेंजवर माझी फॅक्टरीची 60 काडतुसं उडवली. एकदाही अडकली नाही.

माझे बाबा खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त झाले. इथं आले की ते माझ्या बाकावरच्या रायफलींकडे बघतसुद्धा नाहीत. रिकाम्या पुंगळ्या उचलतात, उजेडात धरतात, कडेवरून नख फिरवतात. "अरे, बंदुकीत काय झालं ते हिच्यावर लिहिलेलं असतं. आधी ही वाच." म्हणून त्या शिक्षकांना मी म्हटलं, "सर, तुम्ही जी काडतुसं वापरता ती आणि त्यांच्या रिकाम्या पुंगळ्या, दोन्ही आणून द्या."

दुसऱ्या दिवशी ते एक जाड प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. त्यातली 100 काडतुसं मी एकेक करून केस-गेजमध्ये टाकली. हे गेज म्हणजे चेंबरच्या आकाराचं भोक असलेला पोलादी तुकडा. पुंगळीचं बूड त्याच्या दोन पायऱ्यांच्या मध्ये यायला हवं. 17 काडतुसं वर राहिली. त्यांचा खांदा, म्हणजे पुंगळी मानेकडे निमुळती होते तो भाग, पुरेसा मागे ढकललेलाच नव्हता. पुंगळ्या नाना ठिकाणच्या आणि नाना कारखान्यांच्या. कुठलं पितळ कडक, कुठलं मऊ. कडक पितळ साच्यातून बाहेर आलं की पुन्हा थोडं फुगतं. ते जोखून साचा लावावा लागतो, आणि तेवढी काळजी कुणी घेतली नव्हती.

असं काडतूस चेंबरमध्ये शेवटच्या केसाएवढ्या अंतरावर अडतं आणि बोल्टचे दाते पूर्ण फिरत नाहीत. मग सर काय करायचे, तर फॉरवर्ड असिस्टचं, म्हणजे बोल्ट पुढे ढकलायचं बटण तळहातानं ठोकायचे. काडतूस पाचरीसारखं घट्ट बसायचं आणि ओढून निघायचं नाही. पुंगळ्यांच्या कडेवर एक्स्ट्रॅक्टरनं ओरबाडल्याच्या खुणा होत्या त्या यामुळे. स्प्रिंग बिचारी तिचं काम करतच होती.

आणखी चारांचे प्रायमर वर आलेले बोटाला लागले. चारही लष्करी पुंगळ्या. लष्करी पुंगळीत प्रायमर दाबून पक्का केलेला असतो. ती पुन्हा भरायची तर प्रायमरच्या खोबणीची ती दबलेली कड आधी काढावी लागते, नाहीतर नवा प्रायमर तळाशी बसत नाही. हे घातक असतं. एआरची फायरिंग पिन मोकळी असते, बोल्ट आदळला की ती प्रायमरला हलकेच टोचते. प्रायमर वर असेल तर तेवढ्यानंही बार उडू शकतो.

मला वाटलं, निदान झालं. गेजमधून पास झालेली दहा काडतुसं मॅगझिनमध्ये भरली आणि सरांनाच चालवायला दिली. खात्री त्यांची व्हायला हवी होती. ही माझी चूक. गेज बाहेरचं माप सांगतं, आतलं नाही.

चार बार व्यवस्थित झाले. पाचव्याला नुसता 'फट्' आवाज आला. खांद्याला धक्का नाही, पुंगळी बाहेर नाही. कित्येक वर्षांची सवय, सरांचा हात चार्जिंग हँडलवर, म्हणजे बोल्ट मागे ओढायच्या मुठीवर गेलासुद्धा. मी ओरडलो, "थांबा! बोट काढा!"

मॅगझिन काढलं, अर्धा मिनिट थांबलो, बोल्ट मागे घेऊन अडकवला. पुंगळीत प्रायमरची फिकट काजळी तेवढी होती, दारूचा एक दाणा नाही. नळीच्या तोंडाकडून पितळी रॉड घातला तर तो मध्येच थांबला. चेंबरपासून बोटभर पुढं बुलेट रुतून बसली होती. ती अगदी चेंबरला लागूनच अडकली असती तर पुढचं काडतूस आत बसलंच नसतं, आणि ते बरं झालं असतं. पण जिथं ती थांबली तिथं मागे पुढच्या काडतुसाला पुरेशी जागा होती. हँडल ओढलं असतं तर ते बिनबोभाट आत गेलं असतं, बोल्ट बंद झाला असता आणि बंद नळीत पूर्ण दाबाचा बार झाला असता. या .223 काडतुसाचा कमाल दाब 55,000 पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचाला 55,000 पौंड. त्या नळीखाली त्यांचा डावा हात आणि मागे चेहरा होता.

सर बाकावर बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत.

संध्याकाळी उरलेली सगळी वजन करून पाहिली. वेगवेगळ्या पुंगळ्यांच्या वजनात मुळातच फरक असतो, त्यामुळे दारू थोडी कमी पडली असेल तर तराजूवर ते कळत नाही. पण मुळीच नसेल, म्हणजे साधारण 25 ग्रेन (दीड ग्रॅमच्या वर) कमी भरत असेल, तर कळतं. आणखी एक निघालं. बुलेट ओढून काढली तर आत काहीच नाही. भरणाऱ्या यंत्रात दारूचा कप रिकामा फिरला होता आणि कुणी पाहिलं नव्हतं. पिशवीवरचा लॉट नंबर कंपनीला कळवला, मोजमापं आणि फोटो पाठवले.

गुरुवारी सर रायफल न्यायला आले. मी नळी साफ करून आतून दिव्यानं तपासली होती, फुगवटा कुठेच नव्हता. पैसे देता देता त्यांनी विचारलं, "तो लॉट नंबर एका कागदावर लिहून द्याल?" त्यांनी ही काडतुसं तीन मित्रांबरोबर वाटून घेतली होती. माझ्या काउंटरवरूनच त्यांनी फोन लावले. दोघांनी उचलला. तिसऱ्यानं दोनदा उचलला नाही, तेव्हा रायफल माझ्याकडेच ठेवून, कागद खिशात घालून ते गाडी काढून निघाले.