फलकावरचं नाव

फेब्रुवारी लागला की आमच्या शाळेत दोन याद्या एकदमच निघतात. वर्षभरात मुलांनी काय मिळवलं याची एक, आणि वार्षिक परीक्षेआधी काय काय उरकायचंय याची दुसरी. शाळा ठाण्यातली, अनुदानित, मराठी माध्यमाची. मुलं येतात ती बहुतेक लोकमान्य नगर, सावरकर नगर, किसन नगर भागातून. 2025 साली दहावीची परीक्षा 21 फेब्रुवारीलाच सुरू होत होती. आमच्याकडे परीक्षा केंद्र, म्हणजे त्यानंतर निम्मे वर्ग आमचे नाहीतच. म्हणून मोठ्या बाईंनी त्याआधीच्या एका शनिवारी सगळ्यांना बसवून घेतलं.

दुसरी यादी भराभर झाली. दहावीचा निरोप समारंभ, 27 ला मराठी भाषा गौरव दिन, 28 ला विज्ञान दिन आणि त्याच कार्यक्रमात गुणगौरव. पाडवा 30 मार्चला, त्या स्वागतयात्रेसाठी लेझीम पथकाचा सराव. अडलं ते आठवीच्या सहलीवर. ऐरोलीला खाडीत फ्लेमिंगो बघायला न्यायचं होतं. मोठ्या बाई म्हणाल्या, शनिवारी सकाळी जाऊ. भूगोलाचे सर म्हणाले, "शनिवार आपला आहे, पाणी आपलं नाही." तिथली बोट भरती-ओहोटी बघून सुटते, शाळेची घंटा बघून नाही. शेवटी सरांनी भरतीचं वेळापत्रक काढायचं आणि मग तारीख ठरवायची, असं ठरलं.

मग आली गुणगौरवाची यादी. ही माझ्याकडे होती. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत ए ग्रेड मिळवलेली मुलं (दहावीत त्याचे 7 गुण जास्तीचे मिळतात, त्यामुळे पालकांना ती नावं पाठ असतात), विज्ञानाच्या होमी भाभा परीक्षेत पुढच्या टप्प्यात गेलेला सहावीतला एक मुलगा, आणि सतरा वर्षांखालच्या मुलींचा खो-खो संघ. या संघाचं त्या महिन्यात भलतंच कौतुक चालू होतं. जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताचे दोन्ही संघ जिंकले, आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. आमच्या मैदानावर त्यानंतर प्रत्येकीला खांबावर सूरच मारायचा होता. गुडघे फुटले तरी चालतील.

यादीत शेवटी होती एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती. आठवीत परीक्षा द्यायची, निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये थेट मुलाच्या खात्यात. नववीतल्या एका मुलीला ती चालू होती. तिचं नाव मी ठळक लिहिलं होतं.

मधल्या सुट्टीत तिची आई दारात उभी. कामावरून मधेच आली होती, हातात डब्याची पिशवी तशीच.

"बाई, फ्लेक्सवर तिचं नाव घालणार म्हणे."

"हो तर. अभिमानाची गोष्ट आहे."

"ते घालू नका. पैसे आले, फार उपयोग झाला. पण नाव नको."

मी कारण विचारलं. आधीच्या एका कार्यक्रमात सूत्रसंचालन करणाऱ्याने योजनेची माहिती वाचताना पालकांच्या उत्पन्नाची अटही मोठ्याने वाचली होती. साडेतीन लाखांच्या आत. टाळ्या वाजल्या. पण दुसऱ्या दिवसापासून वर्गातली दोन-तीन पोरं तिला उत्पन्नाच्या दाखल्यावरून "दाखलेवाली" म्हणायला लागली. चाळीतही कुणीतरी तिच्या बापाला हसत विचारलं, काय रे, पोरीचे पैसे येतात म्हणे आता घरात? वागळे इस्टेटमधली त्याची कंपनी बंद पडून तो तेव्हा रिक्षा शिकत होता. त्याने घरी येऊन कुणालाच काही सांगितलं नाही, असं तिची आई म्हणाली. तिला ते शेजारणीकडून कळलं.

मी शिक्षकखोलीत हे मांडलं तेव्हा दोन तट पडले, आणि दोन्ही बाजूंचं खरं होतं. एक सर म्हणाले, चित्रकलेचा ग्रेड आणि हे एकाच रांगेत कसं लिहिता? ग्रेड म्हणजे मुलाचा हात. इथे मुलीच्या बुद्धीबरोबर बापाचा पगारही छापला जातो. दुसऱ्या बाई भडकल्याच. गेटवरचा फ्लेक्स मार्च-एप्रिलमध्ये प्रवेशासाठी असतो. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात तेव्हा, पद जातं, हे काय आम्हाला कुणी सांगायला नको. शिवाय ही परीक्षा सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांनाच देता येते, बाजूच्या इंग्रजी शाळेतल्या मुलाला नाही. ही आमच्याकडची मोजकी जमेची बाजू. ती झाकून ठेवायची?

मला विचाराल तर त्या बाईंचं म्हणणं जास्त पटत होतं. पण मला पटून काय उपयोग, नाव माझं नव्हतं.

मुलीला बोलावलं. सरावातून आली होती, चेहरा लाल, कोपराला माती. मी सरळच विचारलं, तुला काय वाटतं?

तिने आधी यादी मागितली. वरून खाली बोट फिरवत गेली, खो-खोच्या संघापाशी थांबली.

"इथे आहे ना मी?"

"आहेस."

"मग झालं. ते मोठं लिहा."

एवढं बोलून परत मैदानावर. मोठ्या बाईंनी एनएमएमएसच्या रकान्यातलं नाव खोडून फक्त संख्या ठेवली, आणि सूत्रसंचालनाच्या कागदावर उत्पन्नाची ओळ स्वतः लाल पेनाने काढून टाकली. फ्लेक्सवाल्याला फोन गेला.

हे इथे संपलं असतं, पण दुपारी सातवीची पालकसभा होती. आठवीत ही परीक्षा द्यायची तर सातवीत 55 टक्के लागतात, म्हणून मी सातवीच्या पालकांना वार्षिक परीक्षेआधीच सगळं सांगते. प्रत्येकी 90 प्रश्नांचे दोन पेपर, एक बुद्धिमत्तेचा, एक अभ्यासक्रमावरचा. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला. पुढे शिष्यवृत्ती टिकवायची तर नववीतून पहिल्याच फटक्यात वर जायला हवं, दहावीत 60 टक्के हवेत. बायका लिहून घेत होत्या. मागच्या बाकावरचा एक बाप मात्र हाताची घडी घालून बसला होता.

"बाई, खरंच मिळतात का पैसे? असं लय ऐकलंय. तुमच्या शाळेत कुणाला मिळालेत, एक नाव सांगा."

सकाळचा लाल पेन डोळ्यांसमोर होता. मी म्हटलं, मिळतात, आत्ता नववीत मिळतायत, पैसे खात्यात जमा झालेले मी स्वतः पासबुकात बघितलेत. नाव मात्र सांगणार नाही.

"का? चोरी आहे का?"

दोन-चार जण हसले. मी गप्प राहिले. त्याने जरा वेळाने हाताची घडी सोडली.

"दाखल्याला काय काय लागतं?"

मी रेशन कार्ड, आधार, तलाठ्याकडचं काम, सेतूत अर्ज असं सगळं फळ्यावर लिहिलं. आजच जाऊ का म्हणाला. म्हटलं, शनिवार आहे, सोमवारी जा. त्याने मोबाईलमध्ये फळ्याचा फोटो काढला, आणि दारापर्यंत जाऊन परत वळला.

"आमच्या पोराला मिळाली ना बाई, तर नाव लावायचं. फोटोसकट. गेटवर."

म्हटलं, तेव्हा त्यालाच विचारू.

"त्याला काय विचारायचं? मी सांगतोय ना!"