फॉर्मवर ‘उजवा गुडघा’ लिहिलं होतं

शनिवारी दुपारी आमच्या एमआरआय सेंटरमध्ये पाय ठेवायला जागा नसते. स्वारगेट जवळ असल्यामुळे एसटीतून उतरून थेट आलेले पेशंट, सोमवारी ऑपरेशन ठरलेले आणि ‘रिपोर्ट आजच द्या’ म्हणणारे सगळे एकदमच येतात. त्या शनिवारी अडीचच्या नंबरला बावीस वर्षांची एक मुलगी होती. फॉर्मवर एवढंच लिहिलेलं: ‘एमआरआय उजवा गुडघा, मेनिस्कस?’ म्हणजे गुडघ्यातली गादी फाटली आहे का, एवढीच शंका. सोबत गुडघ्याचा एक्स-रे होता, तोही नॉर्मल.

वीस मिनिटांत स्कॅन झाला आणि चित्रं माझ्या स्क्रीनवर आली. दोन्ही मेनिस्कस अखंड, लिगामेंट शाबूत, कूर्चा गुळगुळीत, सांध्यात पाणी नाही, हाडाच्या मगजात सूज नाही. इतका स्वच्छ गुडघा क्वचितच बघायला मिळतो. मी ‘नॉर्मल’ म्हणून रिपोर्ट सांगायला घेतलासुद्धा.

तेवढ्यात आमचा टेक्निशियन दार ढकलून आत आला. ‘मॅडम, एक सांगू का? ती मुलगी टेबलवरून उतरताना उजवी मांडी दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवत होती. गुडघ्याचे पेशंट असं करत नाहीत.’

मी माइक बाजूला ठेवला आणि बाहेर गेले. ती बाकावर बसून बूट घालत होती. डावा बूट घालून झाला होता. उजव्यासाठी तिनं ट्रॅकपँटचं कापड मांडीपाशी मुठीत धरलं आणि पाय ओझं उचलावं तसा वर ओढला.

‘कुठं दुखतं गं नेमकं?’

‘गुडघ्यातच दुखायलंय मॅडम. आतल्या अंगानं.’

‘आणि वर? जांघेत?’

ती जरा थांबली. ‘चमक निघती कधी कधी. पण ते पळून पळून होतंच की.’

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मुलगी जिंतूरकडची. पोलीस भरतीसाठी वर्षभरापासून पुण्यात राहत होती. सकाळी डांबरी रस्त्यावर पळायचं, संध्याकाळी पर्वतीच्या पायऱ्या. मुलींच्या मैदानी चाचणीत ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असते. आठशेची वेळ बसत नव्हती, म्हणून सहा आठवड्यांपूर्वी तिनं रोजचं पळणं दुप्पट केलं होतं. ‘अकरा दिवसांवर ग्राउंड आलंय मॅडम. गुडघ्याला एखादं इंजेक्शन मारलं तर भागंल ना?’

तिला तपासणीच्या कॉटवर आडवं केलं आणि पाय सरळ ठेवूनच हळूच आतल्या बाजूला वळवला. तिनं दात आवळले, हात जांघेवर गेला. एका पायावर उड्या मारायला लावायची एक जुनी चाचणी आहे, ती मी मुद्दाम केली नाही. मनात जी शंका होती ती खरी असती, तर त्या उडीनंच हाड सरकू शकलं असतं.

खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं, हे आम्हा सगळ्यांना एमबीबीएसलाच शिकवलेलं असतं. ऑब्च्युरेटर नावाची नस या दोन्ही सांध्यांना फांद्या देते, त्यामुळे दुखतंय कुठं हे मेंदूला नीट उमगत नाही. शिकवलेलं असूनही चुकतं. मी स्वतः चुकले आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका तरुणाच्या गुडघ्याचा ‘नॉर्मल’ रिपोर्ट मी सही करून दिला होता. तीन आठवड्यांनी तो स्ट्रेचरवरून आला, मांडीच्या हाडाची मान, म्हणजे खुब्यातल्या गोळ्याखालचा अरुंद भाग, मोडून सरकलेली. त्या मानेवरूनच वरच्या गोळ्याला बहुतेक रक्त जातं. स्क्रू घालूनही त्याचा गोळा पुढे मेला आणि ऐन तिशीच्या आत सांधा बदलावा लागला. मी वाचलेला गुडघा खरंच नॉर्मल होता, पण त्याच्यापर्यंत जाऊन दोन प्रश्न मी विचारले नव्हते. ते मला आजही बोचतं.

पुढच्या नंबरचे आजोबा कंबर धरून बसले होते. त्यांना दहा मिनिटं थांबाल का म्हणून विचारलं. ‘पोरीचं बघा आधी,’ म्हणाले. टेक्निशियननं गुडघ्याची कॉइल, म्हणजे सिग्नल पकडणारं वेष्टण, काढून पोटावरची मोठी कॉइल लावली, दोन्ही खुबे एका चित्रात येतील अशी.

आधी स्टर घेतला. या पद्धतीत चरबीचा सिग्नल दाबून टाकतात. निरोगी हाडाचा मगज त्यामुळे करडा-काळा दिसतो आणि जिथं सूज असेल तिथलं पाणी पांढरं उजळतं. मला शंका होती ती हाडात पुन्हा पुन्हा पडणाऱ्या ताणानं गेलेल्या चिरेची. साध्या एक्स-रेत अशी चीर सुरुवातीला बहुधा दिसतच नाही. हाड भरून यायला लागल्यावर, दोन-तीन आठवड्यांनी, कुठं खूण उमटते. कधी तेव्हाही उमटत नाही.

चित्र वरून खाली उमटत गेलं. डाव्या मांडीच्या हाडाची मान करडी. उजव्या मानेचा खालचा, आतला भाग मात्र कापूस ठेवल्यासारखा पांढरा. या वयात मानेत थोडा लाल मगज असतो आणि तोही किंचित उजळ दिसतो, पण तो दोन्हीकडे सारखा असतो. हा एकीकडेच होता. मग टी-वन घेतला, यात चरबी उजळ दिसते आणि चीर काळी. त्या पांढऱ्या भागाच्या मधोमध, हाडाच्या खालच्या कडेपासून आत शिरलेली काळी रेघ होती, शिवणीच्या दोऱ्याएवढी. मी दोनदा मोजली. मानेची रुंदी ३१ मिलिमीटर, रेघ ११.

ती खालच्या बाजूला होती, यानं थोडा जीव भांड्यात पडला. चालताना मानेच्या खालच्या कडेवर दाब येतो, त्यामुळे तिथली चीर मिटायला बघते. वरच्या कडेवर ताण येतो, तिथली चीर उघडत जाते. वरची असती तर त्याच रात्री स्क्रू घालायची तयारी करावी लागली असती. खालच्या बाजूचीही रेघ अर्ध्या मानेच्या पुढे गेली की ऑपरेशनचाच विचार करतात. ही साधारण एक तृतीयांशावर होती. अकरा दिवसांनी ती आठशे मीटर जिवाच्या आकांतानं पळाली असती तर ही रेघ कुठवर गेली असती, याचा विचार नकोसा वाटला.

‘हिला उभं करू नका,’ एवढं आतूनच ओरडून सांगितलं आणि तिला पाठवणाऱ्या डॉक्टर सरांना फोन लावला. त्यांनी एका शब्दानंही वाद घातला नाही. ‘व्हीलचेअरवरून पाठवा, मी थांबतो,’ म्हणाले.

सिस्टरनं तिला बाजूला घेऊन पाळीचं विचारलं. पाच महिने आलीच नव्हती. ‘पळणाऱ्या पोरींचं असं होतं, बरंच आहे,’ असं कुणीतरी तिला सांगितलं होतं. मेसचा एकच डबा ती दुपारी आणि रात्री पुरवून खात होती. वजन आठ किलो उतरलं होतं. खाणं कमी आणि पळणं जास्त झालं की शरीर आधी पाळी थांबवतं. इस्ट्रोजेन घटतं आणि हाडाची झीज भरून निघेनाशी होते. हे मी रिपोर्टमध्ये सविस्तर लिहिलं. ‘कृपया क्लिनिकली कोरिलेट करावे’ (म्हणजे पेशंटच्या लक्षणांशी ताडून बघा) या आमच्या ठरलेल्या ओळीनं हात झटकायचे नव्हते. व्हिटॅमिन डी, हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी आणि आहारतज्ज्ञ, तिन्ही नावं घालून सुचवलं.

ती खूप रडली. दुखतं म्हणून नाही, ग्राउंडसाठी. तिला ते चित्र दाखवलं. बराच वेळ ती त्या काळ्या रेघेकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘एवढीशी तर आहे.’

दुसऱ्या दिवशी तिचे वडील रात्रभर एसटीनं प्रवास करून आले. हातात रिपोर्टचा लिफाफा. ‘गुडघ्याचा फोटो काढायला पाठवलं होतं मॅडम, खुब्याचं कसं काय निघालं?’ त्यांना संशय होता की उगाच काहीतरी वाढवून सांगताहेत. मी त्यांना आत बोलावलं, दोन्ही बाजू शेजारी शेजारी लावून दाखवल्या. त्यांनी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. ‘शेतात बैलाला लंगडताना बघितलं की आम्ही आधी खांदा चाचपतो,’ एवढंच म्हणाले. मी त्यांना टेक्निशियनची ओळख करून दिली.

ऑपरेशन लागलं नाही. सहा आठवडे कुबड्या, उजवा पाय टेकायचा नाही, खाणं वाढवायचं. सहा आठवड्यांनी पुन्हा स्कॅन केला, नंतर तीन महिन्यांनी आणखी एक. त्या शेवटच्या वेळी ती एकटीच, चालत आली. टेबलवर चढताना उजवा पाय तिनं हात न लावता वर घेतला. टेक्निशियन काचेपलीकडून तेवढंच बघत होता.

स्टरवरचं पांढरं जवळजवळ विरलं होतं. टी-वनवर रेघेच्या जागी पुसटशी खूण उरली होती. पाळी त्याच महिन्यात सुरू झाली होती. पळायला कधी लागू, हे तिनं मला विचारलं. ते सर ठरवतील, मी म्हणाले. तिनं पुढच्या भरतीचा फॉर्म भरला होता.