हवेची गन घेऊ का?

“काका, हवेची गन घेतलीया म्हणं तुम्ही. मी पण घिऊ काय?” रविवारी सकाळी कोल्हापुरात शाहूपुरीतल्या आमच्या बोळात ती गन एकदा कडाडली की संध्याकाळपर्यंत कुणीतरी हे विचारतंच. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगून टाकतो. हवेची गन म्हणजे कंप्रेसरनं दाबलेल्या हवेवर गाडीचे नट-बोल्ट खोलणारं हत्यार.

घरात कंप्रेसर आधीपासून असेल तर खुशाल घ्या. गनसाठी म्हणून कंप्रेसर घेणार असाल तर जरा थांबा.

मला हा नाद लागला तो २०१९च्या पुरामुळे. त्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी कधीच मागे टाकली होती आणि माझी मोटारसायकल अंगणात टाकीपर्यंत पाण्यात उभी होती. पाणी ओसरल्यावर घरीच खोलायला बसलो. इंजिनमधून तेल नव्हे, दूधवाल्या चहासारखं काहीतरी निघालं. बाकी सगळं जमलं, मॅग्नेटचा, म्हणजे इंजिनच्या क्रँक दांड्याच्या टोकाला बसणाऱ्या चुंबकाच्या चाकाचा, नट मात्र हलेना. पाना लावून जोर केला की नटाबरोबर क्रँकच फिरायचा. गाडी गिअरमध्ये टाकून, पोराला मागच्या ब्रेकवर उभं करून पाहिलं; टायर घसरला आणि माझी बोटं कव्हरवर सोलवटली. शेवटी ओळखीच्या मिस्त्रीनं गॅरेजमधली गन लावली. दोन सेकंद, भर्रर्र, नट हातात.

ही काही ताकदीची जादू नाही. गनच्या आत हवेवर फिरणारी चक्री असते, ती एका हातोडीला गरगर फिरवून दांड्यावर आपटवत राहते. एकेक टोला इतका झटक्यात बसतो की जड क्रँकला जागचं हलायला सवडच मिळत नाही, नट तेवढा सरकतो. वर त्या हादऱ्यांनी गंजही मोकळा होतो. म्हणून जिथं नटाबरोबर शाफ्टच फिरतो तिथं ती खरी कामाची: मॅग्नेट, क्लच, पुढचं स्प्रॉकेट, स्कूटरचा व्हेरिएटर. नट निघाला म्हणजे मॅग्नेट निघालं असं मात्र नाही. त्याला ओढून काढायचा पुलरच लागतो. हातोडीनं ठोकलंत तर आतले चुंबक निखळतील.

आता हवेचं गणित. इथंच बहुतेकांचे पैसे वाया जातात, कारण सगळे गन निवडण्यात आठवडा घालवतात आणि कंप्रेसर मिळेल तो उचलतात. अर्ध्या इंची गनला हवेचा दाब ९० पीएसआय लागतो, म्हणजे सहा बारच्या थोडं वर. घोडा दाबून धरला की ती मिनिटाला चारशेक लिटर हवा सहज पिते. २४ लिटरची टाकी आठ बारला भरली आणि सहापर्यंत उतरू दिली, तर तिच्यातून बाहेरच्या साध्या दाबाची ४८ लिटर हवा मिळते. म्हणजे जेमतेम सात सेकंद. ५० लिटरच्या टाकीवर पंधरा. गंजलेला नट तेवढ्यात सुटला तर सुटला, नाहीतर चहा प्या आणि टाकी भरेपर्यंत मोटरचा आवाज ऐका.

त्यात पाइप. ती गुंडाळीची निळी-नारिंगी स्प्रिंगवाली नळी टायरात हवा भरायला ठीक. गनला ती लावली की काटा ९० दाखवतो आणि घोडा दाबताच धाडकन खाली येतो. आतून १० मिलिमीटरचा पाइप घेतला आणि माझी तीच गन शहाणी झाली. त्याआधी वर्षभर मी बिचारीला शिव्या घालत होतो.

जुन्या घरातल्या पाच अँपिअरच्या सॉकेटवर दोन एचपीची मोटर चालवायच्या भानगडीत पडू नका. वेगळी वायर ओढून पंधराचा पॉइंट घ्या.

गोट्यांचंही, म्हणजे नटावर बसणाऱ्या सॉकेटचंही, ऐका. पानासेटमधल्या चकचकीत गोट्या गनवर चढवायच्या नाहीत, त्या तडकतात आणि तुकडा कुठं उडेल सांगता येत नाही. गनसाठी काळ्या, जाड भिंतीच्या इम्पॅक्ट गोट्या वेगळ्या मिळतात. डोळ्यावर चष्मा हवाच. कानात बोळेही घाला. आमच्या हिनं ते स्वतःसाठी आधी आणले, माझ्यासाठी नंतर.

माझा गाढवपणाही सांगतो. नवी नवलाई होती, तेल बदललं आणि ड्रेन बोल्ट गननंच आवळला. त्या बोल्टाला आवळायचा जोर तीसेक न्यूटन-मीटर पुष्कळ होतो. गनच्या डब्यावर तीनशेच्या पुढचे आकडे असतात. बोल्ट लोखंडाचा, इंजिनचं घर अॅल्युमिनियमचं. पुढच्या वेळी बोल्टाबरोबर आटेच गुंडाळून बाहेर आले. इंजिन घेऊन उद्यमनगरातल्या कारखान्यांकडं गेलो. तिथल्या कारागिरानं भोक मोठं करून, नवे आटे पाडून त्यात स्प्रिंगसारखी गुंडाळी बसवली आणि माझ्याकडं न बघताच म्हणाला, “गन खोलायला असती मालक, आवळायला न्हवं.” तेव्हापासून नट हातानं दोन-तीन आटे लावतो आणि शेवटी टॉर्क पान्यानं, म्हणजे जोर मोजून आवळणाऱ्या पान्यानं, आवळतो. प्लग, ड्रेन बोल्ट, ब्रेकचा कॅलिपर यांच्या आसपासही गन नेत नाही. बारीक चौफुलीचे स्क्रू असतील तर हातोडीनं ठोकायचा साधा इम्पॅक्ट ड्रायव्हर कितीतरी बरा.

देखभाल थोडीच, पण ती चुकवायची नाही. आपल्याकडच्या जुलैत हवेत एवढी ओल असते की ती दाबली की टाकीच्या तळाशी पाणी साचतंच. काम झालं की खालचा कॉक उघडून सोडायचं. मी पहिल्या पावसाळ्यात विसरलो, तर दिवाळीत वाटीभर तांबडं पाणी निघालं. आतून गंजलेली टाकी आठ बारला भरणं हा गमतीचा भाग नाही. गनला पाइप जोडतो त्या तोंडात सुरुवातीला आणि शेवटी तेलाचे दोन-चार थेंब.

“मग बॅटरीवरची घेऊ?” फक्त मोटारसायकलपुरतं बघत असाल तर हो, तीच घ्या. ना पाइप, ना वायर, ना पाणी, आणि मॅग्नेटचा नट तीही सोडवते. मी हवेवर राहिलो कारण कंप्रेसर चुलतभावाच्या रंगकामातून फुकट पदरात पडला, आणि आता त्याला सोडवत नाही. कार्बोरेटरचे जेट, चेनमधली माती, एअर फिल्टर, सगळं त्याच्यावरच साफ होतं.

खरं तर गनपेक्षा त्याला गिऱ्हाईक दुसरंच आहे. सामन्यांचे दिवस आले की तालमीची पोरं पाच-सहा फुटबॉल घेऊन दारात उभी. दहा पीएसआयचं काम, सुई त्यांची, हवा माझी. परवा एकानं गन उचलून बघितली, “जड हाय की,” म्हणाला, आणि ठेवून दिली.