रांगोळी फिरलीच नाही

आज सकाळी पंचवटीत आमच्या दारासमोर आईने सात ठिपके, सात ओळींची रांगोळी पूर्ण केली, तेव्हा शेजारची लहान मुलगी त्या रांगोळीभोवती पाव फेरी मारून थांबली आणि म्हणाली, “आजी, मी फिरले, पण रांगोळी फिरलीच नाही!”

हे वाक्य दिवसभर माझ्या मनातून गेले नाही, कारण एखादी क्रिया करूनही आकृती जशीच्या तशी राहणे, यालाच गणितात सममिती म्हणतात. चौरसाला अशा आठ क्रिया चालतात: जागच्या जागी ठेवणे धरून चार फिरवण्याच्या आणि चार आरशाच्या. आईने काढलेल्या पाकळ्या मात्र भोवऱ्यासारख्या एकाच दिशेला वळलेल्या होत्या; आरशात त्या उलट वळतील, म्हणून तिच्या रांगोळीला चारच उरतात, आणि मला तर त्यामुळेच ती अधिक देखणी वाटली.

अशी सममिती रांगोळीबाहेरही भेटते. भूप रागाचा आरोह, म्हणजे चढते स्वर, उलटा म्हटला की त्याचा अवरोह, म्हणजे उतरते स्वर, मिळतो. भौतिकशास्त्राचे नियम कालच्यासारखेच आज आणि उद्याही असतील, म्हणजे काळ सरकूनही ते जसेच्या तसे राहत असतील, तर ऊर्जा अक्षय्य राहते, हे गणितज्ञ एमी नोएथर यांच्या १९१८ मधील सिद्धान्तातून निघते.

उद्या मी त्या मुलीच्या हाती आरसा देणार आहे. रांगोळी त्यात पाहून ती काय म्हणेल?