तुम्ही विचारलंत म्हणून: मी आधी जमीन बघते

दिवाळीच्या सुटीत मुलांच्या चित्रस्पर्धेचा निकाल लावला की दोन-चार दिवसांत कुणीतरी मला गाठतंच. यंदा एका आईने पोह्यांच्या गाडीपाशी गाठलं. हातातला कागद तसाच, पोह्यांवरची शेव मऊ पडत चाललेली, आणि त्यांना खायचं भानच नाही. "ताई, आमच्या पोराने दहा दिवस बसून रंगवलंय ते. घरी येणारा प्रत्येक जण म्हणतो, फोटोच वाटतो. मग नंबर का नाही आला? तुम्ही नक्की बघता तरी काय?"

उभ्या उभ्या जे सुचलं ते सांगितलं, पण त्यांचं समाधान झालं नाही आणि माझंही. हा प्रश्न मला दर वर्षी कुणी ना कुणी विचारतं, म्हणून आता बैजवार लिहिते.

ज्यांना हा प्रकारच नवा आहे त्यांच्यासाठी थोडं आधी. 'सुपर स्मॅश ब्रदर्स' हा निन्टेन्डोचा मारामारीचा व्हिडिओ गेम. जपानात तो १९९९ साली आला. एरवी ज्यांची कधी गाठ पडायची नाही अशी वेगवेगळ्या गेममधली पात्रं यात समोरासमोर येतात: मारिओ, पिकाचू, कर्बी, लिंक, आणि २००८ च्या 'ब्रॉल' या भागापासून दुसऱ्या कंपनीचा सॉनिकसुद्धा. या पात्रांच्या जगाचे तुकडेही सोबत येतात आणि त्या तुकड्यांवर उभं राहून लढायचं असतं. त्या तुकड्याला म्हणायचं स्टेज. २०१८ साली 'अल्टिमेट' हा भाग आला तेव्हा पहिल्याच दिवशी त्यात १०३ स्टेजेस होती, तरी मुलांच्या डोक्यात एकशे चौथं असतंच. ते कागदावर काढून आणायचं, अशी आमची इंदूरच्या रामबागेतली घरगुती स्पर्धा. पाच वर्षं झाली. परीक्षक मी, कारण चुलतभावाने अमेरिकेहून गेमक्यूब हे निन्टेन्डोचं गेमचं यंत्र आणलं तेव्हापासून, म्हणजे 'मेली' या जुन्या भागापासून, मी हा गेम खेळतेय. आणि पोटापाण्यासाठी घरांचे नकाशे काढते.

तर उत्तर असं, की मी आधी जमीन बघते. रंग, दिवे, आकाश सगळं नंतर.

बहुतेक मारामारीच्या गेममध्ये प्रत्येकाच्या नावाची शक्तीची पट्टी असते. मार बसला की ती घटते, संपली की हरलात. मागे महाल असो नाहीतर बाजार, पायाखाली सपाट फरशी. मागचं चित्र म्हणजे नाटकातला पडदा. स्मॅशमध्ये घटणारी पट्टी नाही, वाढणारे टक्के आहेत. जितके टक्के जास्त तितके तुम्ही पुढच्या फटक्याला लांब फेकले जाता, आणि वर, खाली, डावीकडे, उजवीकडे ठरलेल्या हद्दीपलीकडे गेलात की एक जीव गेला. दीडशे टक्क्यांवरचा खेळाडू कडेला बोटं अडकवून वाचतो, आणि चाळीस टक्क्यांवरचा परत येताना ती कड हुकली म्हणून जातो. कड कुठे संपते, पडताना टेकायला फळी आहे का, डोक्यावर छत आहे का, यावर सगळं अवलंबून.

लहानपणी आम्ही आट्यापाट्या खेळायचो. ना चेंडू, ना दांडू, आखलेल्या पाट्या हाच सगळा खेळ. एखादी पाटी हातभर सरकवली तर डावच पालटायचा. स्मॅशचं स्टेज हातात आलं की मला त्या पाट्या आठवतात.

हे कळत असूनही पहिल्या वर्षी माझ्याकडून चूक झाली. एका मुलाने आपला इंदूरचा होळकरांचा राजवाडा काढला होता. सातही मजले, झरोके, सज्जे, तो अवाढव्य दरवाजा, इतकं देखणं की मी कागद हातात घेतला आणि तिथेच पहिला नंबर देऊन टाकला. बक्षीस म्हणजे रंगपेटी, आणि 'अल्टिमेट'मध्ये स्वतःचं स्टेज बांधायची जी सोय आहे, त्या स्टेज बिल्डरमध्ये ते स्टेज मी खरोखर बांधून द्यायचं. बांधलं, आणि दोन पोरांना खेळायला बसवलं. तीन जीव, सात मिनिटं. सात मजले म्हणजे सात सारख्या फळ्या एकावर एक. एक पोरगा वर पळाला की दुसरा खाली, दुसरा वर आला की पहिला खाली. सगळ्यात खालच्या दालनाला छत होतं, तिथे शिरलेला खेळाडू दोनशे टक्क्यांवर गेला तरी फटका बसला की छताला आपटायचा आणि परत उभा राहायचा. 'मेली'तल्या हायरूलच्या देवळात खालच्या बोळात हेच होतं, मी स्वतः तिथे तासन्‌तास दडून राहिलेली आहे, आणि तरी कागदावर ते मला दिसलं नाही. सात मिनिटं संपली. कुणीच मेलं नाही. ज्याचं चित्र होतं तो मुलगा पडद्याकडे बघत गप्प उभा होता, आणि त्याला खोटा आनंद दिल्याची बोच मला आजही आहे.

तेव्हापासून एक नियम केला. प्रत्येक कागदावर एक मारिओ काढायचाच, नखाएवढा, स्टेजच्या प्रमाणात. नकाशात दाराची उंची लिहिलेली नसेल तर घर कळत नाही, तसंच हे. मारिओ काढला की मुलाला आपोआप प्रश्न पडतात. हा उभा कुठे राहणार? एका उडीत इथून तिथे पोचेल का? आणि मी काय करते, तर कागदावर शर्टाची दोन बटणं ठेवते, एक लाल, एक निळं, आणि बोटाने दोघांना लढवते. लाल बटण मी कोपऱ्यात नेऊन बसवलं तर निळ्याला तिथवर जायची वाट आहे का? दोन वाटा आहेत का? एकच वाट असेल तर कोपऱ्यात बसणारा जिंकणार. पाच मिनिटं बटणं फिरवली की चित्र कितीही सुंदर असलं तरी भूल पडत नाही.

तोच राजवाडावाला मुलगा दोन वर्षांनी परत आला. या खेपेला तो खऱ्या राजवाड्यासमोर जाऊन उभा राहिला होता. खालचे तीन मजले दगडाचे आणि वरचे चार लाकडाचे, हे इंदुरात राहून आपल्यातल्या किती जणांनी नीट पाहिलंय? त्याने तीच गोष्ट पकडली. दगडी मजले मिळून एक भक्कम जमीन केली, वर तीनच लाकडी सज्जे ठेवले, आणि दणका बसला की सज्जा मोडतो, थोड्या वेळाने पुन्हा उभा राहतो. राजवाडा एकदा नाही, अनेकदा जळला, १९८४ सालीसुद्धा, आणि पुन्हा बांधला गेला. त्याने आगीचं एकही चित्र काढलं नव्हतं. काढायची गरजच नव्हती; मोडणाऱ्या आणि परत उभ्या राहणाऱ्या लाकडात ते सगळं आलं होतं. मला जमीन म्हणते तेव्हा हे म्हणायचं असतं.

पुष्कळ मुलं मला बिचकत विचारतात, "मावशी, आपल्या इंदूरचं काढलं तर चालेल का? हे तर जपानी गेमचं आहे." त्यांना मी एक गोष्ट सांगते. मासाहिरो साकुराई आणि सातोरू इवाता यांनी हा गेम पहिल्यांदा करून पाहिला तेव्हा त्यात मारिओ नव्हता, पिकाचू नव्हता, कुणीच ओळखीचं नव्हतं. मागे चित्र होतं ते त्यांच्या कचेरीजवळच्या र्‍युओ गावाच्या फोटोचं, आणि त्या गावाच्या नावाचा अर्थ ड्रॅगनचा राजा, म्हणून त्या नमुन्याला 'ड्रॅगन किंग' नाव पडलं. घराजवळच्या फोटोपासून त्यांचं सुरू झालं. मग आपण आपल्या सराफा बाजारापासून सुरू करायला काय हरकत आहे?

धोक्यांबद्दल बोलायचं तर मुलांना धोके फार आवडतात. लाव्हा, रॉकेट, वरून पडणारा हत्ती. माझी हरकत धोक्याला नसते, न सांगता येणाऱ्या धोक्याला असते. ड्रीमलँड या स्टेजवरचं झाड वारा फुंकतं, पण ते कुठल्या बाजूला तोंड करतंय हे दिसतं. 'मेली'तल्या योशीच्या स्टेजवरचा छोटा ढग तर इतका वक्तशीर, की खेळाच्या घड्याळावरून तो कुठे असेल ते सांगता येतं. जाणकार खेळाडू त्या ढगावर जीव वाचवतात. गेल्या वर्षी एकाने रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, काढून आणली. टँकर, पाण्याच्या तोफा, चार-पाच मजले उंच गुलाल. कल्पना ऐकूनच अंगावर काटा आला. पण त्याचा गुलाल उडाला की सगळा पडदा गुलाबी, आणि दोन्ही खेळाडू आंधळे. मी त्याला म्हटलं, तोफेची मान आधी वळताना दाखव, आणि गुलाल लढणाऱ्यांच्या मागे उडू दे, पुढे नको. 'अल्टिमेट'मध्ये धोके बंद करायची सोय आहे, हेही सांगितलं. तोफा बंद केल्या तर तुझ्या स्टेजवर उरतं काय? तो विचारात पडला. उरत काहीच नव्हतं.

आणखी एक गोष्ट मी बघते. स्टेज हे कुणाचं तरी घर असतं आणि लढायला येणारे बहुतेक सगळे पाहुणे. पाहुण्यांत बाउझरसारखा धिप्पाड असतो, कर्बीसारखा चेंडू असतो, लांबून मारा करणारी सॅमस असते, हवेत लंगडा पडणारा लिटल मॅक असतो. जमीन नुसती सपाट असेल तर मॅक खूश, सॅमसलाही मोकळं रान. वर फळ्या दिल्या की तिचा मारा चुकवायला आसरा मिळतो. सगळ्यांना अगदी सारखं कधीच जमत नाही, म्हणून तर स्पर्धांमध्ये खेळाडू नको ती स्टेजेस आलटूनपालटून बाद करतात. पण एखाद्या पाहुण्याला आपल्या घरात पाय ठेवायलाच जागा नाही, असं होता कामा नये.

आता त्या आईंच्या मुलाकडे येते. त्याने रात्रीचा सराफा काढला होता. जिलबीची कढई, गराडूचे ढीग, हवेत उडालेला दहीवडा, दिव्यांच्या माळा आणि गर्दी. हात खरोखर तयार आहे त्याचा. पण मारिओ काढला होता तो दुकानाच्या पाटीवर. मी विचारलं, "हा उभा कशावर आहे?" त्याने आधी पाटीवर बोट ठेवलं, मग खालच्या कनातीवर, मग गर्दीतल्या कुणाच्या तरी डोक्यावर. सगळंच सारखं उजळ, सगळंच सारखं पुढे. त्याला सराफ्याची जमीन सापडली नव्हती, आणि ती तर रोज रात्री आपल्या डोळ्यांसमोर असते. दिवसा सोन्याचांदीची दुकानं, रात्री शटर खाली आलं की त्याच दुकानांच्या ओटल्यांवर खाण्याच्या गाड्या लागतात. ओटला हीच जमीन. तेवढं त्याला दिसलं की त्याच्या हातासमोर कुणी टिकणार नाही, हे मी त्या आईंना पोह्यांच्या गाडीपाशी सांगायला हवं होतं.

यंदा पहिला नंबर आला तो कागद चौकटीच्या वहीतून फाडलेला होता. सगळी पेन्सिल, कोपऱ्यात पोह्यांवरच्या जीरावन मसाल्याचा पिवळा डाग. सातवीतली मुलगी. विषय अनंत चतुर्दशीची झांकी, म्हणजे मिरवणुकीतला गाडीवरचा देखावा. तिचे आजोबा हुकुमचंद मिलमध्ये होते. मिल १९९१ साली बंद पडली, कामगारांची थकलेली देणी मिळायला २०२३ साल उजाडलं, पण मधल्या सगळ्या वर्षांत वर्गणी काढून झांकी निघत राहिली. तिने मधोमध झांकीची ट्रॉली काढली होती, सपाट, दोन्ही टोकांना स्वच्छ कड. वर दोन चौथरे, झांकीतल्या हलत्या मूर्तींचे असतात तसे, सावकाश वरखाली होणारे. चालत्या स्टेजची मला धास्ती असते. खेळाडूंना मारण्याचं काम मग स्टेजच करतं. तिने खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: "गाडी गर्दीत थांबते तेव्हाच दोन्हीकडचे ओटले जवळ येतात. पुढच्या आखाड्याचा ढोल थांबला की गाडी निघणार." इशारा डोळ्यांसाठी नाही, कानांसाठी. पाच वर्षांत हे कुणाला सुचलं नव्हतं. मी बटणं काढली आणि पुन्हा डबीत ठेवली.

बिल्डरमध्ये अख्खं स्टेज पळवता येत नाही. म्हणून ट्रॉली जागेवर ठेवली, 'स्विच' हे गेमचं यंत्र हातात घेऊन त्याच्या पडद्यावर बोटाने तिची कड आखली, आणि ओटले सरकते केले. ढोलाची सोय नव्हती. रविवारी सगळे जमले तेव्हा आजोबाही आले होते. नात त्यांच्या कानाशी काहीतरी म्हणाली आणि त्यांनी जेवणाच्या टेबलावर बोटांनी ठेका धरला. ओटले दूर जायच्या जरा आधी ते बरोबर थांबायचे. ठेका थांबला की दोन्ही पोरं ओटल्यावरून ट्रॉलीवर उड्या मारायची. तीन मिनिटांत निकाल, आणि लगेच दुसरा डाव.

हरलेला खेळाडू होता तो सराफावाला मुलगा. कंट्रोलर खाली ठेवून तो सरळ त्या वहीच्या कागदापाशी गेला आणि बराच वेळ वाकून बघत राहिला. मग ट्रॉलीखालच्या रेघेवरून बोट फिरवलं. पेन्सिल इतकी दाबलेली की मागच्या बाजूला वळ उठला होता.

"ही रेघ शेवटी काढलीस का?" त्याने विचारलं.

"छे," ती म्हणाली, "ही आधी. मूर्ती बसणार कशावर नाहीतर?"

त्याने माझ्याकडे कोरा कागद मागितला.