तुम्ही विचारलंत म्हणून: रडणारं बाळ मी उचलून का घेत नाही

बालकल्याण संस्थेत काम करते असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. 'म्हणजे वाईट आईबापांकडून मुलं काढून घेता ना तुम्ही?' नाही म्हटलं की समोरच्याचा जरासा हिरमोड होतो. मग दुसरा प्रश्न येतो, 'मग घरी जाऊन नेमकं करता तरी काय?'

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. मूल काढून घ्यायचा अधिकार आमच्याकडे नाही, तो सरकारी यंत्रणेचा आणि न्यायालयाचा. ती वेळच येऊ नये म्हणून आमचा सगळा खटाटोप. दुसऱ्या प्रश्नाला मात्र मी 'आधार देतो', 'मार्गदर्शन करतो' असं काहीतरी थातुरमातुर बोलून वेळ मारून नेते. कारण खरं उत्तर फारच मिळमिळीत वाटतं. मी जाऊन बसते. आठवड्यातून एकदा, तासभर, एखाद्या दमलेल्या माणसाशेजारी.

अगदी सुरुवातीची गोष्ट सांगते. (ओळख पटू नये म्हणून इथले सगळे तपशील थोडे बदलले आहेत.) पाच आठवड्यांचं बाळ, आई पहिलटकरीण. मी पोचले तेव्हा बाळ तासाभरापासून रडत होतं. ती त्याला खांद्यावर घेऊन येरझारा घालत होती, एका पायात चप्पल होती, दुसऱ्यात नव्हती. मी पुढे झाले, 'आण इकडे' म्हणत बाळ घेतलं आणि दोन मिनिटांत ते गप्प झालं. मला कोण अभिमान! वर पाहिलं तर ती भिंतीला टेकून खाली बसलेली. म्हणाली, 'बघा ना ताई, त्यालासुद्धा कळलंय मला जमत नाही ते.' पुढच्या दोन भेटींना तिने दार उघडलं नाही.

आमच्या वरिष्ठ बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, 'तू निघून आल्यावर बाळ कोणाकडे होतं?'

तेव्हापासून मी रडणारं बाळ आपणहून उचलत नाही. आई म्हणाली, 'जरा धरा, मी आंघोळ करून येते,' तर आनंदाने धरते. तो तिचा निर्णय असतो. एरवी मी शेजारी बसते आणि मला जे दिसतं ते बोलून दाखवते. 'तू बोललीस की मान वळवतोय बघ.' 'डावीकडे घेतलंस की कमी कुरकुरतोय.' ऐकायला बावळट वाटतं. पण तीन रात्री झोप नसलेल्या बाईला आपलं बाळ आपल्याला ओळखतं, हे दिसत नसतं. कोणीतरी ते बोट दाखवून सांगावं लागतं.

रडण्याबद्दलही सांगते. बाळ दुखतंखुपतं म्हणून रडत नाही ना, दूध नीट पितंय ना, हे डॉक्टरांकडून पाहून घेतलं की मग. साधारण दुसऱ्या आठवड्यापासून रडणं वाढतं, सहाव्या ते आठव्या आठवड्यात कळस गाठतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरत जातं. ठणठणीत बाळंही या काळात तासन्‌तास रडतात. हा चढउतार मी कागदावर काढते आणि 'तू आज इथे आहेस' म्हणून टिंब देते. कितीतरी आयांनी तो कागद जपून ठेवल्याचं मला नंतर कळलं. मात्र एक वाक्य मी घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला सांगते, बापाला तर नक्कीच: डोक्यात सणक गेली तर बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवा आणि दहा मिनिटं खोलीबाहेर जा. दहा मिनिटं रडल्याने बाळाला काही होत नाही. रागाच्या भरात गदागदा हलवलं तर मेंदूत रक्तस्राव होऊन जीव जाऊ शकतो.

काही वेळा मामला थकव्याच्या पलीकडे गेलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांपैकी सुमारे 13 टक्क्यांना मानसिक त्रास होतो, त्यात मुख्यतः नैराश्य. ते ओळखायला 1987पासून वापरात असलेली, एडिंबरा शहराच्या नावाने ओळखली जाणारी दहा प्रश्नांची यादी आम्ही वापरतो. गेल्या सात दिवसांत कसं वाटलं, एवढंच त्यात विचारलेलं असतं. त्यावरून निदान होत नाही, कोणाला लगेच डॉक्टरांकडे न्यायला हवं ते कळतं. खरी परीक्षा दहाव्या प्रश्नाला असते, कारण तो स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे. तिथे आलं की नवी कार्यकर्ती आवाज खाली आणते आणि विचारते, 'तसलं काही नाही ना मनात?' असं विचारल्यावर उत्तर 'नाही' असंच येणार! तो प्रश्न बाकीच्या नऊ प्रश्नांसारखाच, त्याच आवाजात, डोळ्यांत बघून विचारायचा असतो. आणि उत्तर 'हो' आलं तर तिला एकटं सोडून निघायचं नाही. पुढचा फोन तिथूनच, तिच्यासमोर करायचा.

आणखी एक घर. तिथे मला वाटलं होतं की प्रश्न बाळाचा असेल, निघाला तो खणाचा. टेबलाचा खालचा खण न उघडलेल्या पाकिटांनी गच्च भरलेला. विजेची बिलं, भाड्याच्या नोटिसा, मदतीच्या अर्जाला आलेली उत्तरं. जुळी मुलं झाल्यापासून तिने एकही पाकीट फोडलं नव्हतं. आम्ही जमिनीवर बसून तीन गठ्ठे केले: आजचं, या महिन्यातलं, फेकून द्यायचं. तिसरा गठ्ठा सगळ्यात मोठा झाला तेव्हा ती पहिल्यांदा हसली. एका पाकिटात मंजूर झालेल्या मदतीचं पत्र होतं, एका सहीवाचून अडकलेलं. त्या दिवशी पालकत्वावर मी अवाक्षर काढलं नाही. पुढच्या भेटीत तिने आपणहून सांगितलं की मुलांवर ओरडणं कमी झालंय. वीज तुटणार नाही हे कळलेला माणूस कमी ओरडतो, त्याला कार्यशाळा घ्यावी लागत नाही.

हे मी जरा तावातावाने लिहितेय, कारण हलाखी आणि हयगय यांची लोक सर्रास गल्लत करतात. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 2009मध्ये मुलांच्या पर्यायी संगोपनाबद्दल, म्हणजे आईबापांऐवजी दुसऱ्या कोणी मूल वाढवण्याबद्दल, मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. केवळ आर्थिक गरिबी हे मूल घरापासून तोडण्याचं कारण होऊ शकत नाही, तिथे त्या कुटुंबाला आधाराची गरज आहे असं समजावं, हे त्यात स्पष्ट लिहिलंय. तरी रिकामं कपाट दिसलं की पाहुण्याच्या भुवया आधी आईकडेच वळतात.

'पण याने फरक पडतो कशावरून?' हेही विचारलं जातं, आणि रास्त आहे. 1970च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी संशोधक डेव्हिड ओल्ड्स यांनी न्यू यॉर्क राज्यातल्या एल्मायरा इथे पहिल्यांदाच आई होणाऱ्या 400 जणींबरोबर अभ्यास सुरू केला. त्यांतल्या काही जणींकडे गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंत परिचारिका नियमित घरी जात. मुलं 15 वर्षांची झाल्यावर पाहिलं, तर भेटी झालेल्या कुटुंबांत मुलांच्या छळाच्या आणि दुर्लक्षाच्या नोंदी स्पष्टपणे कमी होत्या. मात्र ज्या घरांत मारहाण जास्त, तिथे हा फायदा विरत गेला. पुढे इंग्लंडमध्ये असाच कार्यक्रम तपासला, तेव्हा ठरवलेल्या मुख्य कसोट्यांवर त्याचा फायदा दिसला नाही. तिथे सगळ्यांनाच आरोग्यसेवा आधीपासून घरापर्यंत मिळत होती. मला यातून एवढंच समजतं, की नुसत्या भेटीने सगळं साधत नाही. नवरा हात उगारत असेल तर पाळण्याशेजारी बसून मी काय करणार? तिथे आधी तिच्या आणि बाळाच्या सुरक्षित जागेची सोय लागते.

म्हणून पहिल्याच भेटीत मी एक गोष्ट सांगून टाकते. इथलं बोलणं इथेच राहील, पण मुलाच्या जिवाला धोका दिसला तर मी गप्प बसणार नाही आणि कळवण्याआधी शक्यतो तुम्हाला सांगेन. हे ऐकून काही जण दार लावून घेतात. आजवर अशी कळवण्याची वेळ माझ्यावर मोजक्या वेळा आली. त्यातल्या एका आईने पुढे आम्हालाच परत बोलावलं. बाकीच्यांबद्दल मी अजून रात्री विचार करत बसते.

सगळ्या भेटी पगारी माणसंच करतात असं नाही. 1973मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात मार्गारेट हॅरिसन यांनी 'होम-स्टार्ट' हे स्वयंसेवकांचं काम सुरू केलं ते याच कल्पनेवर, की स्वतः मुलं वाढवलेला शेजारी आठवड्यातून काही तास आला तरी खूप. आमच्याकडेही असे स्वयंसेवक आहेत. त्यांना द्यायच्या प्रशिक्षणातला निम्मा वेळ 'आमच्या वेळी असं नव्हतं' हे वाक्य गिळायला शिकवण्यात जातो.

बापांबद्दल थोडं लिहायला हवं, कारण आम्हीच त्यांना विसरतो. कित्येक वर्षं आमच्या अर्जावर वडिलांसाठी फक्त नाव आणि फोन नंबर एवढीच जागा होती. एक जण दर भेटीला मी आले की बाहेर जाऊन उभा राहायचा. तिसऱ्या वेळी मीच बाहेर जाऊन विचारलं, 'तुम्हाला झोप मिळते का?' तो अर्धा तास बोलत होता.

खणातल्या पाकिटांच्या घरी मी वर्षभर जात होते. शेवटच्या भेटीला दार उघडलं तेव्हा तिच्या कडेवर एक मूल, दुसरं पायाला बिलगलेलं, खांद्याला पिशवी. 'अय्या ताई, आज होतं का? साफ विसरले. दोघांना लस द्यायला निघालेय, उशीर होतोय.' मी बाजूला झाले, ती जिना उतरून गेली.

आमच्या अहवालात ती भेट 'अपूर्ण' या रकान्यात मोजली गेली.